न बसण्याचा सत्कार

वहिनी, काल तुझं तेरावं झालं. भाड्याची पातेली परत गेली, निपाणीची तुझ्या माहेरची मंडळी गाडी करून गेली, आणि आज सकाळी मी इंदिरानगरला माझ्या घरी येऊन तुझ्याशी राहिलेलं भांडण पुरं करायला बसले आहे. तू असतीस तर मला चिडवायला 'वन्सं' म्हणून हाक मारली असतीस आणि म्हणाली असतीस, "मेलेल्या माणसाशी भांडायलीस, लाज वाटत न्हाई?" नाही वाटत. भांडण तू अर्ध्यात टाकून गेलीस, मी नाही.

तेरा दिवस घरात तुझ्याबद्दल एकच वाक्य ऐकलं. गणपती मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, शेजारच्या जयम्मा म्हणाल्या, तुझ्या मामीसुद्धा म्हणाल्या, "बाईला कधी बसलेलं पाहिलं नाही हो." रविवारी सकाळी डोशाचं पीठ ढवळता ढवळता तू ओट्याशीच कोसळलीस. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. तर त्याचंही लोकांनी कौतुकच केलं. शेवटपर्यंत उभी राहून राबली, पुण्यवान बाई! अण्णा खाली मान घालून सगळं ऐकत होता. माझ्या जिभेवर येऊन शब्द परत जात होते. तू का उभी राहायचीस हे त्या घरात मला एकटीलाच माहीत होतं, आणि मी तुला वचन दिलेलं होतं.

लोक विसरले, पण तू मूळची चांगली बैठी बाई होतीस. अण्णाशी लग्न होऊन तू पेटेतल्या, जुन्या बाजारातल्या, आमच्या घरात आलीस तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्या सात पिढ्या बेंगळुरात गेलेल्या, आमचं बोलणं ऐकून तू पहिल्याच आठवड्यात म्हणालीस, "तुमचं मराठी म्हंजे बिसिबेळे भात हाय. डाळ कुठं संपती, भात कुठं सुरू होतोय, कळत न्हाई." आईला राग आला होता. मला तू तेव्हाच आवडलीस. आणि काय बसायचीस! जेवण झालं की मांडी ठोकून तुझी बैठक जमायची, आणि तिथून तुला उठवायला आईला दोन-तीनदा हाका माराव्या लागायच्या. संध्याकाळी अण्णा आपल्या बटण-लेसच्या दुकानातून मिसळलेल्या बटणांचा डबा घेऊन यायचा. तुम्ही दोघं चटईवर समोरासमोर बसून रंगांप्रमाणे, भोकांप्रमाणे बटणं वेगळी करायचात. ते काम दुकानातला माणूसही करू शकला असता. पण नवराबायकोला एकत्र बसायला आपल्या घरात दुसरं कुठलं निमित्त होतं? पल्लवी झाली, चालायला लागली, शाळेत गेली, तरी तुमचा डबा चालूच होता. आतून तुझं हसू ऐकू यायचं आणि आई म्हणायची, बटणं निवडतात की काय करतात.

मग तुझं अंगावरून जाणं वाढलं. गाठी निघाल्या, रक्त कमी झालं, तू पांढरीफटक पडलीस, आणि डॉक्टर म्हणाले, गर्भपिशवी काढून टाकू. ऑपरेशन झालं. आम्ही सगळ्यांनी तुला सांगितलं, सुटलीस. तुलाही तसंच वाटलं होतं. जखम भरली, रक्त चढलं, गालांवर रंग आला. आणि तू बसेनाशी झालीस.

कुणाच्या लक्षात आलं? कुणाच्याच नाही, कारण आपल्याकडे बाई उभी राहिली तर ती डोळ्यांना खुपत नाही. पंगतीत तू वाढायला उभी, हळदीकुंकवाला अत्तर लावायला उभी, पेपरसुद्धा ओट्यावर पसरून उभ्याने वाचायचीस. मेट्रोत जागा रिकामी असली तरी दाराशी उभी. जेवायला म्हणावं तर, "तुम्ही बसा, मी घेते मागनं." ते मागनं म्हणजे ओट्याशी, ताट हातात धरून. पुरुष आजारी पडून आडवा झाला असता तर घर गोळा झालं असतं. तू उभी आजारी पडलीस आणि घराने टाळ्या वाजवल्या.

टाळ्या तर खऱ्याच वाजवल्या. दोन वर्षांपूर्वी गणपतीत मंडळाने तुझा सत्कार ठेवला, आठवतं ना? उत्सवाचा स्वयंपाक इतकी वर्षं तू सांभाळलास म्हणून. स्टेजवर लाल मखमलीची खुर्ची मांडली होती. तू म्हणालीस, मी उभ्यानेच घेते शाल. सेक्रेटरी ऐकेनात. "आज तुम्ही बसायचं, वहिनी. आज आम्ही उभे राहणार." तुला खांद्याला धरून बसवलं आणि मग त्यांनी भाषण सुरू केलं. यांना कधी बसलेलं पाहिलं नाही, हे वाक्य त्यात तीन-चारदा आलं, आणि दर वेळी हॉल टाळ्यांनी भरला. मी पहिल्या रांगेत होते. तू हसत होतीस, पण वरच्या ओठावर घाम होता आणि मांडीवरचा नारळ दोन्ही हातांनी असा दाबून धरला होतास की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

भाषण संपल्यावर तू दिसेनाशी झालीस. स्टेजमागच्या खोलीत, गुंडाळलेल्या सतरंज्यांवर कुशीवर पडलेली सापडलीस, शाल अजून अंगावर. मला वाटलं साखर उतरली. मी पाणी आणायला धावणार, तर तू माझा हात धरलास. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तू हसत होतीस. "बघ वन्सं, न बसण्याचा सत्कार बसून घ्यावा लागला."

तिथे तू मला सगळं सांगितलंस. बसलं की खाली निखारा ठेवल्यासारखं होतं. उभं राहिलं की कमी, आडवं झालं की कमी, टेकलं की पुन्हा सुरू. ऑपरेशननंतर काही महिन्यांत तू अण्णाला सांगितलं होतंस. अण्णा घाबरून लगेच तुला डॉक्टरकडे घेऊन गेला. सोनोग्राफी झाली, तपासण्या झाल्या, सगळं स्वच्छ. बाहेर आल्यावर अण्णाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने देवाला नमस्कार करून म्हैसूरपाक घेतला, गल्लीत वाटला. काही निघालं नाही म्हणून!

"ज्या माणसानं माझं काही निघालं न्हाई म्हणून म्हैसूरपाक वाटला," तू म्हणालीस, "त्याला परत कसं सांगू, दुखतंय म्हणून?"

नंतर तू एकटीच आणखी एका डॉक्टरकडे जाऊन आलीस. त्यांनी सांगितलं, मनाला लावून घेऊ नका, या वयात होतं. मग तू कुणालाच सांगितलं नाहीस. बिछाना पल्लवीच्या खोलीत हलवलास आणि निमित्त केलंस अण्णाच्या घोरण्याचं. त्याच्याजवळ गेलं तरी तेच दुखणं उठायचं, हे तू मला भिंतीकडे बघत सांगितलंस. बटणांचा डबाही तेव्हाच बंद पडला. मी म्हटलं, मी आजच अण्णाशी बोलते. तू माझा हात सोडेनास. "वचन दे. दुखतंय म्हणून उभी राहते म्हटलं की मी बिचारी होते. आत्ता निदान पुण्यवान तरी हाय."

दिलं मी वचन. पण एका अटीवर दिलं, आणि अट ही की तू माझ्याबरोबर डॉक्टरकडे यायचं.

आपण किती दवाखाने हिंडलो ते आता आठवायचंही नाही. शेवटी त्या ठेंगण्या, चष्मा लावणाऱ्या डॉक्टरीण बाई भेटल्या. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला, बसल्यावर वाढतं का? तू माझ्याकडे पाहिलंस. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, ऑपरेशनमध्ये चूक झाली असेलच असं नाही. पण काही बायकांना अशा ऑपरेशननंतर ओटीपोटातले, अगदी खालचे स्नायू आखडून राहतात, एखादी नस दुखावते, आणि जखम भरली तरी दुखणं मागे उरतं. सोनोग्राफीत ते दिसत नाही. वेळ लागेल, पण बरंच कमी करता येईल. आणि मग कन्नडमध्ये म्हणाल्या, "नोवु निजा अम्मा." दुखणं खरं आहे.

तिथे तू रडली नाहीस. जिन्यात कठडा धरून थांबलीस आणि मला विचारलंस, "ऐकलंस न्हवं? निजा म्हणाली."

आणि म्हणालीस, भूक लागली. आपण कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात गेलो. तिथे सगळेच उभ्याने खातात, उंच टेबलांशी, ऑफिसवाले, रिक्षावाले, आज्या-आजोबा. तू मसाला डोशाचा तुकडा चटणीत बुडवत म्हणालीस, "ह्या गावात मला हे एकच लई आवडलं बघ. इथं कुणी विचारत न्हाई, का बसत नाहीस म्हणून." तेव्हा मला कळलं की बाहेर खायचं म्हटलं की तू दर्शिनीचाच हट्ट का धरायचीस. आम्ही तुला चिकट म्हणून चिडवत होतो. अण्णा तर म्हणायचा, घोड्यासारखं उभ्याने मी खाणार नाही, आणि घरी बसून एकटा जेवायचा.

मग सुरू झाली तुझी ती चोरटी वारी, आठवड्यातून एकदा मेट्रोने माझ्याकडे. औषधं होती आणि माझ्या घराजवळच्या फिजिओथेरपिस्ट मुलीकडे व्यायाम, श्वास घेऊन खालचे स्नायू सैल सोडायचे. अण्णाला तू सांगितलंस, सुमीकडे भजनाचा क्लास आहे. त्याने एके दिवशी कौतुकाने म्हटलं, एक म्हणून दाखव की. मग फोनवरून एक भजन पाठ करताना आपली जी तारांबळ उडाली! तुझा आवाज घोगरा, माझा त्याहून वाईट. अण्णाने ऐकलं आणि म्हणाला, क्लासची फी परत माग.

त्या मुलीने बसायला दिलेली, मधे खळगा असलेली उशी तू माझ्याकडेच ठेवायचीस, अण्णाच्या नजरेला पडू नये म्हणून. सुरुवातीला एक कप कॉफी संपेपर्यंत बसायचीस आणि उठायचीस. दिवाळीनंतर पेपर वाचून होईपर्यंत बसायला लागलीस. वाईट दिवसही आले, रागाने उशी भिरकावलीस तो दिवसही मला आठवतो, पण एकदा पल्लवीचा महादेवपुऱ्याहून फोन आला आणि तुम्ही दोघी तिच्या ऑफिसच्या गप्पा मारत बसलात. फोन ठेवल्यावर तू घड्याळाकडे पाहिलंस, मग माझ्याकडे, आणि काहीच बोलली नाहीस. मीही बोलले नाही. दृष्ट लागेल असं दोघींनाही वाटलं.

तुझा बेत मला तोंडपाठ होता. पूर्ण बरं झालं नाही तरी चालेल, नीट बसता यायला लागलं की एका संध्याकाळी मिसळलेल्या बटणांचा डबा काढायचा आणि अण्णासमोर चटईवर जाऊन बसायचं. काही न बोलता बटणं निवडायला लागायचं. त्याने विचारलं की मग सांगायचं. "सांगीन की. बसून सांगीन," हे तुझं उत्तर असायचं.

आणि आपलं भांडण तेच होतं. तुझा बेत मला सुंदर वाटायचा आणि माझं डोकंही फिरायचं. तू जायच्या आधीच्या आठवड्यात मी दुकानात गेले होते, लेस घ्यायला. अण्णा एकटाच डबा पुढ्यात घेऊन बटणं निवडत होता. मान वर न करता म्हणाला, "सुमी, एक विचारू? तुझ्या वहिनीला माझा वीट कशाचा आला ग? ऑपरेशन झाल्यापासून माझ्याजवळ म्हणून बसली नाही." मी लेस न घेताच बाहेर आले आणि रस्त्यातूनच तुला फोन लावला. म्हटलं, वहिनी, अण्णाला वाटतंय तो तुला नकोसा झालाय. इतकी वर्षं त्याला हेच वाटतंय.

तू म्हणालीस, "स्वल्प थांब. होत आलंय. मी बसून सांगते."

"कधी? मेल्यावर सांगणार आहेस?"

आपण सगळेच असं बोलतो ना ग. मेल्यावर जेवणार का, मेल्यावर येणार का. तोंडातून गेलं. तू हसलीस. "मेल्यावर? मग तूच सांग की." कुकरची शिट्टी झाली आणि तू फोन ठेवलास.

ते तू गमतीने म्हणालीस की मला मोकळं केलंस, यावर तेरा दिवस माझं तुझ्याशी भांडण चालू होतं. एकीकडे वचन. दुसरीकडे अण्णा, जो तुझ्या फोटोसमोर बसून लोकांचं ते वाक्य ऐकत होता. लोक म्हणत, कधी बसली नाही, आणि त्याला ऐकू येत असणार, माझ्याजवळ बसली नाही.

काल काय झालं ते सांगते. बाई अहेव गेली की तेराव्याला तिच्या नावाने एका सवाष्णीला पाटावर बसवून जेवू घालायचं, ही आपल्या घरची रीत. सवाष्ण म्हणून मला सांगितलं होतं. ती जेवते म्हणजे तूच जेवलीस असं धरायचं. पाट मांडला, रांगोळी काढली, केळीच्या पानावर तुझ्या आवडीचं सगळं वाढलं. पल्लवी वाढत होती. तिच्याकडे बघून तुझ्या मामी डोळे पुसत म्हणाल्या, "अगदी आईवर गेली. सकाळपासनं एक मिनिट बसली न्हाई पोरगी." सगळ्यांनी माना डोलावल्या. पल्लवीही जराशी हसली. त्या हसण्यात मला तुझी मखमली खुर्ची दिसली.

अण्णा हातावर पाणी घालायला तांब्या घेऊन आला. "बस ग सुमी. तिच्या नावाने बस."

मी पाटापाशी उभीच राहिले. मामी म्हणाल्या, बस की अक्का, भात निवतोय. भटजी घड्याळ बघत होते. मी म्हटलं, "अण्णा, वहिनीला जेवू घालायचं असेल तर पान ओट्यावर ठेव. तिला बसवत नव्हतं."

मग सगळंच सांगितलं. पिशवीचं ऑपरेशन, निखारा, काही न निघालेली सोनोग्राफी, दुसऱ्या खोलीतला बिछाना आणि त्याचं खरं कारण, भजनाचा क्लास, उशी, बटणांचा बेत. पन्नास माणसांसमोर. काही बायकांनी पदर तोंडाला लावला, भटजी उठून गॅलरीत गेले. तुझ्या मामी मात्र हळूच म्हणाल्या, मलापण हाय तसं, बाळंतपणापासनं. तू बसून सांगणार होतीस, वहिनी. मला उभ्यानेच सांगावं लागलं.

अण्णाने तांब्या खाली ठेवला. मला वाटलं ओरडेल. त्याने एवढंच विचारलं, "माझा वीट नव्हता आला?"

"नव्हता रे."

"मला पुन्हा सांगितलं असतं तर," तो म्हणाला, "मीपण उभा राहिलो असतो की."

रागावली असशील तर रागाव. पण हे वाक्य तू ऐकायला हवं होतंस. ते ऐकायला मी होते आणि तू नव्हतीस, याचं काय करायचं ते मला कळत नाही. काल रात्रीपासून मी हेच मोजते आहे, की तू आणखी एक महिना राहिली असतीस तर. किंवा त्या सतरंज्यांवर मी वचन दिलंच नसतं तर. तू मला शिव्या घातल्या असत्यास, चार महिने बोलली नसतीस, पण शेवटची दोन वर्षं तो तुझ्याबरोबर दर्शिनीत आला असता.

अण्णाने पाट उचलला आणि भिंतीला टेकवून ठेवला. पान दोन्ही हातांवर धरून स्वयंपाकघरात नेलं, ओट्यावर ठेवलं, नेमकं तुझ्या कोपऱ्यात, खिडकीखाली. पल्लवीला म्हणाला, तू जाऊन बस, बाळ, आता वाढू नकोस. मी त्या पानापाशी उभी राहिले, आणि तो स्वतःसाठी एक ताट घेऊन माझ्या शेजारी, ओट्याशी येऊन उभा राहिला. तुझा हा नवरा, जो घोड्यासारखं खाणार नाही म्हणायचा. आम्ही दोघं उभ्याने जेवलो. बाहेर पंगत बसली होती आणि कुणी आत आलं नाही.

माझा भात संपत आला तेव्हा त्याने भाताचं पातेलं जवळ ओढलं आणि विचारलं, "तिला आणखी वाढू?" तुझं उत्तर त्याला पाठ होतं, मलाही. पुरे, तुम्ही घ्या. मी पानावरचा हात बाजूला केला आणि तुझ्या वतीने म्हटलं, "वाढ."